मणक्याचं मॉडेल पेशंटच्या मांडीवर ठेवा

पत्र : मी केज तालुक्यात दीड वर्षापूर्वी फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना सुरू केला. पहिल्या कमाईतून मणक्याचं पूर्ण मॉडेल घेतलं, स्टँडसकट. गेल्या महिन्यात ऊसतोडीहून परतलेली ३८ वर्षांची एक बाई आली. डावा पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणकत होता. एमआरआय सोबत होता, त्यात कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आल्याचं लिहिलेलं. मी मॉडेलवर सगळं नीट दाखवलं. लाल गादी, पिवळी नस, कुठे दबते, का दुखतं. ती मान डोलवत होती. त्यानंतर दोन आठवडे ती आलीच नाही. मग तिचे मालक एकटेच आले आणि म्हणाले, “मॅडम, ते लाल बाहेर आलेलं कापून काढायला किती लागतील?” बाई तेव्हापासून बाजेवरून उठत नाही. वाकलं की तुकडा निखळून पडेल असं तिला वाटतं. मी चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. आता मॉडेल कपाटात ठेवून देऊ का? की स्नायूंसकट येणारं महागडं मॉडेल घेऊ?

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. “मी चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं” हे वाक्य वाचताना मला माझी निलंग्याकडची एक जुनी गोष्ट आठवली, ती आधी सांगते.

माझ्या प्रॅक्टिसचं तिसरं-चौथं वर्ष असेल. पन्नाशीचा एक शेतकरी आला, कंबर धरलेली, पायात मुंग्या. मी मॉडेल काढलं आणि अगदी तुमच्यासारखंच सगळं मन लावून दाखवलं. शेवटी म्हणाले, “वाकताना जपा, जड उचलू नका.” तीन महिन्यांनी तो सहज भेटायला आला. पाय बरा झाला होता. मी विचारलं, शेतीचं काय चाललंय? तो म्हणाला, “बैलं इकली की बाई पोळ्याच्या आधी. तुम्हीच तर दावलं होतं ना, मणका असा निसटतो म्हणून.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याने माझं ऐकलं होतं, एवढंच. त्या दिवसापासून मॉडेलला हात लावायच्या आधी मी थांबते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कपाटात ठेवू नका. दुसऱ्याचं उत्तर: महागडं मॉडेल घेऊ नका, ते पैसे एका चांगल्या मजबूत टेबलावर घाला. बदलायचं आहे ते आपलं दाखवणं.

तुमच्या स्टँडवर लटकलेल्या त्या वस्तूकडे पेशंटच्या नजरेने एकदा बघा. मधल्या लवचिक दांड्यावर ओवलेली हाडं. हात लावला की पाठीचा कणा ओल्या दोरासारखा लोंबतो. सगळ्या गाद्या पांढऱ्या-करड्या, एकच लालभडक, आणि ती बोटभर बाहेर आलेली. बहुतेक मॉडेलांमध्ये ती मुद्दाम ठळक केलेली असते, कारण ती कॉलेजातल्या मुलांना शिकवण्यासाठी बनवतात. बाजूला पिवळी रबरी नस, त्या लाल फुगवट्यावर ताणलेली. तुमच्या तोंडून तेव्हा काय निघत होतं ते त्या बाईला आठवत नसेल. तिला दिसलं ते लाल, आणि लाल म्हणजे रक्त, जखम.

त्यात आपले शब्द भर घालतात. मराठीत आपण डिस्कला गादी म्हणतो. गादी म्हटली की ती सरकते, बाजेवरून घसरते, हे घरोघरी माहीत असतं. “गॅप” हा शब्द तर त्याहून अवघड. “मणक्यात गॅप आलाय” म्हणत रोज कोणीतरी आत येतं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दोन हाडांमध्ये पडलेली भेग असते. एक्स-रेवर खरं तर उलटं दिसत असतं, वयाबरोबर गादीची उंची कमी होऊन दोन मणक्यांमधली जागा थोडी घटलेली असते. भेग नसते, फट वाढलेली नसते. तुमच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एवढं जरी सांगितलंत, तरी निम्म्या लोकांचा चेहरा मोकळा होईल. मी ते रोज बघते.

मॉडेलवर डिस्क सुटी चकती दिसते, दोन हाडांमध्ये नुसती ठेवलेली. खरी डिस्क वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिची बाहेरची कड म्हणजे एकात एक असे पंधरा-वीस थर, आणि एका थराचे धागे उजवीकडे तिरके, तर पुढच्याचे डावीकडे तिरके. बाजेची सुतळी आडवी-तिडवी विणतात ना, तसं. मी पेशंटला हेच सांगते, कारण त्या बाजेवर घरातले तिघं बसतात, पोरं उड्या मारतात, ते त्यांनी रोज पाहिलेलं असतं. आणि ती जिवंत असते हे सांगते. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं थोडं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर ती ते परत शोषून घेते. त्यामुळे सकाळी उठल्यावर आपण रात्रीपेक्षा सेंटीमीटरभर तरी उंच असतो. हे ऐकून बायका हसतात. हसलेली पेशंट पुढचं नीट ऐकते.

आता मॉडेलमध्ये काय नाही ते. स्नायू नाहीत. प्रयोगशाळेत स्नायू काढून टाकलेल्या कमरेच्या कण्यावर भार देऊन पाहिलं, तेव्हा साधारण नऊ किलोच्या आसपासच तो वाकून कोलमडला. आणि तुमची ती बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, दिवसातून कितीदा तरी. म्हणजे तिला उभं ठेवणारं बळ त्या प्लॅस्टिकमध्ये कुठेच दाखवलेलं नाही. जत्रेतल्या तंबूचा बांबू तणाव्यांच्या जोरावर उभा असतो. आपण पेशंटला तणावे काढलेला बांबू दाखवतो आणि मग तिला वाटतं, आपण कधीही कोसळू. स्नायूंचं मॉडेल घेतलं तरी ते रंगवलेलेच असतील. त्यापेक्षा तिला पालथं झोपवा, तिचाच हात कमरेमागे न्या, पाय इंचभर उचलायला सांगा. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंड कडक होतात ते तिच्या बोटांना कळू द्या.

आणि मॉडेल बरं होत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. तिच्यासमोरची लाल गादी आज बाहेर आहे, पुढच्या दिवाळीलाही तेवढीच बाहेर असेल. खऱ्या शरीरात बाहेर आलेला भाग अनेकदा आक्रसतो, शरीर तो हळूहळू खाऊन टाकतं, आणि गंमत अशी की कडेतून पूर्ण बाहेर पडलेला मोठा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. कण्यातली नस दुखते तीही नुसत्या दाबाने नाही, तिथे सूज असते, आणि ती सूज ओसरते. सायटिकाचा, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेचा, त्रास बहुतेकांचा सहा ते बारा आठवड्यांत बराच कमी होतो. ही वेळेची गोष्ट कुठलंच मॉडेल सांगत नाही, ती तुम्हालाच सांगावी लागणार.

एमआरआयच्या कागदाचंही तसंच. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबरदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांत ३० टक्के जणांच्या डिस्कला फुगवटा होता, चाळिशीतल्या निम्म्या लोकांत होता, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांमध्ये. तुमची पेशंट ३८ वर्षांची. तिच्या वयाच्या, तिच्याच टोळीतल्या, काही न दुखणाऱ्या दहा बायकांचा एमआरआय केला असता, तर चार-पाच जणींच्या कागदावर “बल्ज” लिहून आलं असतं. याचा अर्थ तिचं दुखणं खोटं, असा नाही. तिचा पाय ठणकतोय आणि तपासणीत त्याच पातळीच्या नसेची लक्षणं मिळत असतील तर ती गादी कारण असू शकते. पण कागदावरचा “डिजनरेशन” (वयाबरोबरची झीज) हा शब्द तिला झिजून गेलेल्या बेअरिंगसारखा ऐकू येतो, आणि आपण तो केस पांढरे होण्यासारखा समजावला पाहिजे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. मी काय करते तेवढं सांगते.

पेशंट आल्यावर मॉडेल कोपऱ्यात, पडद्याआड असतं. आधी ऐकायचं, मग तपासायचं. आणि तपासून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा: “तुम्हाला काय वाटतं, पाठीत काय झालंय?” याला घाई करू नका. आपल्याकडे माणूस आधी सांगत नाही, “आम्हाला काय कळतंय मॅडम” म्हणतो. थांबा. मग येतं. “उसण भरली होती, पायाळू माणसाकडून पाय लावून घेतला, तरी गेली नाही, म्हणजे आत काहीतरी तुटलं असंल.” “सासूला असंच झालं होतं, ती मरेस्तोवर वाकून चालली.” तिच्या मनातलं चित्र कळल्याशिवाय आपलं चित्र दाखवलं की दोन्ही एकमेकांवर चिकटतात. तुमच्या बाईच्या मनात काय होतं ते तुम्ही विचारलं होतंत का? पत्रात नाही, म्हणून विचारते.

मग मॉडेल बाहेर. स्टँडवरून काढायचं आणि तिच्या मांडीवर द्यायचं. वर टांगलेली वस्तू डॉक्टरची असते, मांडीवरची आपली. तिला बोटं फिरवू द्या. कमरेचा मणका हाताला केवढा लागतो ते तिलाच बघू द्या, काडेपेटीएवढा रुंद, जाडजूड. मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच मोजून घेतलेत तर तीही तुमच्याबरोबर मोजते. खालची माकडहाडाची टोकं बघून लोकांना नेहमीच कुतूहल वाटतं, वाटू द्या.

पहिली पाच मिनिटं फक्त चांगल्या गोष्टी. कणा पुढे वाकतो, मागे जातो, बाजूला वळतो. हे सगळं तिने स्वतः मॉडेल धरून करायचं, आणि मग उभं राहून स्वतःच्या पाठीने करायचं, जमेल तेवढं. लाल गादीची बाजू तुमच्याकडे वळवलेली असू द्या. माझ्या मॉडेलमधली ती लाल चकती मी कधीच काढून टेबलाच्या खणात ठेवली आहे, तिच्या जागी साधी बसवली आहे. एखाद्याला दाखवण्याची खरंच गरज पडली तर खणातून काढते, पण तोपर्यंत त्याला बाकीचं सगळं कळलेलं असतं. वर्षातून चार-पाच वेळाच काढावी लागते.

मॉडेलचा खरा उपयोग कुठे होतो ते सांगते. गेल्या पावसाळ्यात सत्तरीचे एक आजोबा आले. शंभर पावलं चालले की दोन्ही पाय जड व्हायचे, मग पारावर बसायचं, की मोकळे. मुलगा म्हणत होता, नाटक करतात, कारण तेच आजोबा सायकल ढकलत शेतापर्यंत, दोन किलोमीटर, बिनत्रासाचे जातात. घरात यावरून रोज कुरबूर. मी मॉडेल मुलाच्या हातात दिलं. म्हटलं, कमरेच्या मणक्यांमधलं ते छिद्र बघा, जिथून नस बाहेर येते. आता कणा मागे झुकवा. छिद्र आकसलं. आता पुढे वाकवा. उघडलं. मुलगा तीन-चार वेळा करून बघत राहिला. मग वडिलांकडे बघून म्हणाला, “सायकलीवर वाकून धरता म्हणून होय.” आजोबा काही बोलले नाहीत, नुसतं डोळ्याला धोतराचा सोगा लावला. अशा वेळी दहा सेकंदांत मॉडेल जे करतं ते अर्ध्या तासाच्या बोलण्याने होत नाही. मणक्याची नळी अरुंद झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते जरूर काढा.

आणखी एक जागा: लुळं पडण्याची भीती. आपल्याकडे कंबर म्हटलं की “पाय जातील का?” हे येतंच. मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली सुट्या नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. चौथ्या-पाचव्या मणक्यावर बोट ठेवून हे दाखवता येतं. नुसतं “घाबरू नका” म्हटल्याने जे होत नाही ते इथे होतं.

पण त्याच झुपक्यासाठी सावध राहायचं, आणि तेव्हा मॉडेलकडे बघायचंही नाही. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने कमी होतेय, तर समजावत बसू नका, तासांत हलवा. तुमच्याकडून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय जवळ आहे. संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात ठेवा, आपल्या भागात तो दिसतो. म्हातारी बाई नुसती घसरून बसली आणि तेव्हापासून पाठ दुखते, तर आधी एक्स-रे. हे प्रश्न तुम्ही त्या बाईलाही विचारले असतीलच. ती बाजेवर पडून आहे, म्हणून आज पुन्हा विचारा.

शेवटी एक सवय लावून घ्या, माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेली. पेशंट उठायच्या आधी विचारा, “घरी गेल्यावर मालकांना काय सांगाल, काय झालंय म्हणून?” आणि गप्प बसून ऐका. “तुटलंय”, “सरकलंय”, “निसटलंय” यातला एकही शब्द आला तर आपलं समजावणं फसलं आहे, पुन्हा बसा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हा निरोप फार दूर जातो. कोयता म्हणजे दोघांची जोडी. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. बाई बाजेवर राहिली तर नवरा अर्ध्या कोयत्यावर जाणार, किंवा जाणारच नाही, आणि उचल तर फिटायला हवी. तुम्ही सांगितलेलं एक वाक्य त्यांच्या पुढच्या हंगामाचा हिशेब बदलतं. म्हणून तिच्या मालकांनी ऑपरेशनचा खर्च विचारला, त्याचा मला राग येत नाही. त्यांनी प्रश्न सोडवायलाच घेतला होता, प्रश्न आपण चुकीचा हातात दिला.

आता या बाईचं काय करायचं. उद्याच निरोप पाठवा आणि दोघांनाही बोलवा, या भेटीचे पैसे घेऊ नका. ती येऊ शकत नसेल तर तुम्ही जा, मॉडेल न नेता. पहिलं वाक्य हे म्हणा: “मागच्या वेळी मी जे दाखवलं ते भीतीदायक होतं. तुमच्या आत तसं लोंबणारं काही नाही, वाकलात तर काही निखळून पडणार नाही.” चूक आपली होती हे तिच्या नवऱ्यासमोर म्हणा. त्याने तुमचं वजन कमी होत नाही, उलट पुढचं ते विश्वासाने ऐकतात.

मग बाजेवरून उठवा. पहिल्या दिवशी अंगणाच्या टोकापर्यंत, दिवसातून पाच-सहा वेळा. पाय दुखेल, थोडा दुखेल हे आधीच सांगा, आणि कळ पोटरीतून वर मांडीकडे, कमरेकडे सरकू लागली तर ते बरं होण्याचं लक्षण आहे हेही सांगा. ती कळ खाली पावलाकडे पसरायला लागली किंवा पंजा उचलेना, तर लगेच या म्हणा. कमरेचा पट्टा कुणी दिला असेल तर काही दिवसच, जन्मभर नाही. चार-सहा आठवड्यांत नस शांत झाल्यावरच वजनाकडे वळा, पण वजनाकडे वळायचं आहे हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. तिला मोळी उचलायचीच आहे. “जड उचलू नका” म्हणून आपण मोकळे होतो, ती होत नाही.

वजन सुरू करायच्या भेटीआधी तिला सांगा, येताना घरची घागर घेऊन या. रिकामी घागर जमिनीवरून उचलायची, कंबर वाकू द्यायची, श्वास रोखायचा नाही. चार दिवसांनी पाव भरायची, मग अर्धी. तुमच्याच नळाचं पाणी घाला, आणि भरताना तिलाच घागरीचा काठ धरू द्या. पुढे काय झालं ते मला जरूर कळवा.